जुनी जपानी तलवार किंवा बंदूक: ओळखायची कशी, ऑनलाइन विकायची कशी

१९४५ च्या डिसेंबरात, एकेकाळी जपानवर सत्ता असलेल्या तोकुगावा घराण्याने आपल्या तलवारी टोकियोतल्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केल्या. त्यांत 'होंजो मासामुने' होती, जपानमधल्या सर्वांत नावाजलेल्या पात्यांपैकी एक. पुढच्याच महिन्यात ती एका अमेरिकन सार्जंटच्या हवाली केल्याची नोंद झाली. नोंदीतले नाव सैन्याच्या यादीशी नीट जुळले नाही आणि तलवार आजवर सापडलेली नाही. याच्या अगदी उलट घडले ते कागोशिमाच्या देवस्थानातून युद्धानंतर नाहीशी झालेल्या कुनिमुने तलवारीचे. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात, जुन्या वस्तूंच्या दुकानात ती डॉ. वॉल्टर कॉम्प्टन यांच्या हाती लागली. त्यांनी ती ओळखली आणि १९६३ साली जपानला परत दिली.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आजही घरे रिकामी करताना माळ्यावरून अशा वस्तू निघतात. तिकडे राहणारी आपली माणसे त्या विकत घेतात, किंवा शेजारची एखादी आजीबाई "याचं काय करू?" म्हणून विचारते. भारतातही काही घरांत त्या आहेत, कारण बर्मा-मलायात शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी ब्रिटिश-भारतीय सैन्यातल्या अधिकाऱ्यांकडे गेल्या. विकायला काहीच हरकत नाही. मात्र ओळख पटल्याशिवाय विकू नका, आणि ओळख पटेपर्यंत वस्तूवर कसलाही प्रयोग करू नका. नुकसान होते ते बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी.

पहिले काम: साफसफाई थांबवा

तांब्या-पितळेची भांडी लखलखीत घासून ठेवायची आपली सवय इथे घात करते. पॉलिश पेपर, पितांबरी, चिंच, तारेची घासणी, ड्रिल मशीनला लावायचे चाक, यातले काहीही पात्याजवळ नेऊ नका. पात्याचा जो भाग मुठीच्या आत असतो त्याला नाकागो म्हणतात. त्यावरचा गंज तर कधीच काढायचा नाही. तो गंज म्हणजे तलवारीच्या वयाचा पुरावा, आणि जाणकार सगळ्यांत आधी तोच बघतात. घासून चकचकीत केलेल्या नाकागोमुळे उत्तम तलवारीची किंमतही निम्म्याखाली येऊ शकते, आणि हे नुकसान भरून काढायचा कुठलाच मार्ग नाही.

पात्याला बोट लावू नका. घामातल्या मिठाने काही दिवसांतच बोटाच्या ठशाचा गंज उमटतो. चुकून लागलेच, तर मऊ सुती कापडाने हलकेच पुसा आणि शिलाई मशीनच्या स्वच्छ तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. जपानी पाते पुन्हा घासून देणारे कारागीर वेगळे असतात. ते लांबीवर पैसे घेतात, काम महिनोन्‌महिने चालते आणि खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. विकणाऱ्याने हा खर्च करू नये. करायचा की नाही हे घेणारा ठरवील.

मूठ उतरवणे

ओळख पटवायची तर नाकागो दिसायलाच हवा. मुठीच्या गुंडाळीत एक बारीक गोल खुंटी दिसेल. ती बहुधा बांबूची असते आणि तिला मेकुगी म्हणतात. युद्धकाळातल्या काही तलवारींना खुंट्या दोन असतात, काहींना स्क्रू असतो. खुंटीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा बारीक असते. त्या बारीक बाजूने लाकडी किंवा पितळी दांडी टेकवून हलक्या ठोक्याने ती बाहेर ढकला. खुंटी जपून ठेवा.

आता तलवार म्यानातून काढा. डाव्या हाताने मुठीचे खालचे टोक धरा. पाते उभे, जरासे मागे कललेले, धार तुमच्यापासून दूर. उजव्या हाताची मूठ वळून डाव्या मनगटावर ठोसा मारा, आधी हलका आणि मग थोडा जोरात. दोन-चार ठोशांत पाते मुठीत सैल होऊन किंचित वर उचलले जाते. मग पात्याच्या बुडाशी बसवलेली धातूची कडी, म्हणजे हाबाकी, कापडाने धरून पाते वर ओढून घ्या. हाबाकी, परजेची चकती (त्सुबा) आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पातळ चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून फोटो काढा. घरात मुले-माणसे असतील तर हे काम दार लावून करा.

मूठ हललीच नाही तर तिथेच थांबा. पकडीने ओढू नका, हातोडी मारू नका. जुनी लाकडी मूठ फुटली की गेली. "मूठ निघाली नाही" असे लिहून विकलेली तलवार ही मूठ फोडून विकलेल्या तलवारीपेक्षा जास्त पैसे देते.

नाकागो काय सांगतो

रंगापासून सुरुवात करा. तीनचारशे वर्षांच्या नाकागोवर गडद, काळपट तपकिरी, घट्ट बसलेला गंज असतो. हात फिरवला तर बोटाला काही लागत नाही. केशरी-लाल, भुसभुशीत गंज अलीकडचा, किंवा मुद्दाम चढवलेला. मग भोके बघा. जुनी भोके छिन्नीने पाडलेली, थोडी वेडीवाकडी असतात. ड्रिलने पाडलेले भोक नितळ गोल असते. दोन-तीन भोके असली तर तलवारीची मूठ बदलली गेली, किंवा पाते खालून कापून आखूड केले गेले. लांब तलवारी पुढच्या काळात आखूड करणे ही जपानमधली नेहमीची गोष्ट होती, म्हणून हा दोष समजू नये. मात्र कापताना सही गेलेली असू शकते. नाकागोवर कानशीचे ठरावीक तिरके-आडवे ओरखडेही असतात, आणि कारागिरांच्या घराण्यांनुसार त्यांची दिशा बदलते. हे ओरखडे फोटोत स्पष्ट यायला हवेत.

सही, म्हणजे मेई, बहुधा एका बाजूला आणि तारीख दुसऱ्या बाजूला असते. तारखेत महिना बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवा असतो. मेइजी, ताइशो, शोवा ही लागोपाठच्या जपानी सम्राटांच्या कारकिर्दींची नावे, आणि वर्ष त्या कारकिर्दीतले असते. काळ ठरवायला सोपे गणित आहे: शोवा वर्षात १९२५ मिळवा, ताइशो वर्षात १९११, मेइजी वर्षात १८६७. शोवा १७ म्हणजे १९४२.

सही दिसली म्हणून हरखून जाऊ नका. बड्या कारागिराचे नाव दुसऱ्याच्या पात्यावर कोरण्याची रीत जपानमध्ये शेकडो वर्षे चालू आहे. अशा सहीला गिमेई म्हणतात. कोतेत्सु या नामांकित कारागिराची सही दिसली तर आधी खोटीच धरा, असे तिथले जाणकार सांगतात. मासामुने या कारागिराच्या सहीची अस्सल पाती तर बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. उलट सही नसलेली तलवार सुमार असते असेही नाही. कितीतरी उत्तम जुनी पाती बिनसहीची आहेत.

लांबी मोजताना टोकापासून पात्याच्या पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजा, नाकागो धरू नका. ३०.३ सेंटिमीटर म्हणजे एक शाकु. दोन शाकुंहून लांब ती कताना किंवा ताची, एक ते दोन शाकुंमधली वाकिझाशी, त्याहून आखूड तांतो. ताची कमरेला धार खाली ठेवून टांगायची, कताना धार वर ठेवून खोचायची. सही बाहेरच्या बाजूला यावी अशी पद्धत असल्यामुळे दोघींवर ती उलटसुलट बाजूंना सापडते.

पाते बघणे

खोलीतले दिवे मालवून एकच दिवा ठेवा आणि पाते त्याच्याकडे रोखून हळूहळू कलते करा. धारेच्या कडेने एक धूसर, पांढुरकी रेषा वाहत जाताना दिसेल, ती हामोन. धारेवर मातीचा थर पातळ आणि पाठीवर जाड लावून, तापवून, पाण्यात बुडवल्यामुळे धार कडक होते आणि हद्द अशी उमटते. खऱ्या हामोनची कड धुक्यासारखी असते, तिच्यात बारीक चमकते कण दिसतात. आम्लाने किंवा घासून काढलेली नक्कल सपाट दिसते आणि प्रकाश फिरवला तरी तिच्यात काही बदलत नाही. हातघडाईच्या पोलादात लाकडाच्या रेषांसारखे पदरही दिसतात, पण पाते गंजलेले असेल तर ते दिसणार नाहीत. न दिसण्यावरून निष्कर्ष काढू नका.

धारेला काटकोनात गेलेली केसासारखी चीर, हागिरे, नीट शोधा. हा सगळ्यांत मोठा दोष. भिंगातून बघा, आणि सापडली तर जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहा. लपवलीत तर घेणारा दहा मिनिटांत शोधतो आणि तलवार परत येते.

युद्धकाळातल्या तलवारी

घरांतून निघणाऱ्या बहुसंख्य तलवारी दुसऱ्या महायुद्धातल्या असतात. १९३५ च्या 'प्रकार ९५' या हवालदारी तलवारीचे पाते यंत्रावर बनलेले, मूठ ॲल्युमिनियमची आणि तिच्यावर दोरीच्या गुंडाळीचा नुसता आकार ओतलेला, वरून रंग. पात्यावर मुठीजवळ अनुक्रमांक ठोकलेला असतो. तोच म्यानावर असेल तर किंमत चढते. अगदी सुरुवातीच्या तांब्याच्या मुठी दुर्मीळ आहेत. याच तलवारीच्या नकला बाजारात सर्वाधिक आहेत: ओबडधोबड आकडे, भडक पितळ, पात्यावर कोरलेला ड्रॅगन. ड्रॅगन दिसला तर पुढे बघायचीही गरज नाही.

अधिकाऱ्यांच्या तलवारी वेगळ्या. त्यांच्या खाकी-तपकिरी सैनिकी साजात (मूठ, म्यान वगैरे) कारखानी पातेही असते आणि कधीकधी वडिलोपार्जित, चारशे वर्षांचे पातेही. म्हणून नुसता साज बघून "महायुद्धातली आहे" असे लिहून टाकू नका. नाकागोवर सहीजवळ छोटा गोल शिक्का असेल तर ते बहुधा त्या काळातले, पारंपरिक पद्धतीने न घडवलेले पाते. तारेचा शिक्का असेल तर सैन्याने मान्यता दिलेल्या, जुन्या पद्धतीने घडवणाऱ्या लोहाराचे. दोन्हींच्या किमतीत बराच फरक पडतो.

तोड्याची बंदूक

१५४३ मध्ये पोर्तुगीज बंदुका, जळत्या वातीने (तोड्याने) दारू पेटवणाऱ्या, जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचल्या, आणि जपानी लोहारांनी थोड्याच वर्षांत त्या स्वतः बनवायला घेतल्या. त्या पहिल्या बंदुका गोवा-मलाक्का भागात घडणाऱ्या धाटणीच्या होत्या, असे अनेक अभ्यासक मानतात. जामगी, रंजक, कान, चाप हे शब्द ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही बंदूक हातात घेताच कळते. फरक इतकाच की जपानी दस्ता आखूड असतो, कारण ती खांद्याला न लावता गालाशी धरायची. कळ पितळेची, नळी जाड आणि बहुधा अष्टकोनी, दस्त्याला खुंट्यांनी जोडलेली. साकाई आणि कुनितोमो ही बंदुका घडवणारी दोन ठिकाणे. साकाईच्या बंदुकांवर पितळी नक्षी भरपूर, कुनितोमोच्या तुलनेने साध्या. सही असते नळीच्या खालच्या अंगाला, म्हणजे खुंट्या काढून नळी उचलल्यावर दिसते. नळीवर एक कोरीव ओळ, तीत 'जिनशिन' हे वर्ष, प्रांत आणि क्रमांक असेल तर ती १८७२ ची सरकारी नोंदणी. अशी ओळ असलेल्या बंदुकीची जाहिरात करताना तिचा मोठा फोटो द्या.

या सगळ्याआधी एक काम करा. ठासणीच्या जुन्या बंदुका भरलेल्या अवस्थेतच खुंटीला टांगलेल्या राहतात आणि दारू शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, बाजूला उभे राहा, लाकडी काठी नळीत अलगद सरकवा आणि जिथे अडेल तिथे तोंडाशी पेन्सिलची खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. काठीचे टोक कानाच्या भोकापर्यंत (नळीच्या मागल्या टोकाजवळचे, रंजकेची आग आत नेणारे भोक) पोहोचत असेल तर नळी मोकळी. तीन-चार बोटे अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे; ते स्वतः उकरू नका, बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडे न्या.

अरिसाका आणि नांबू

जपानी सैन्याच्या अरिसाका रायफली आणि नांबू पिस्तुले ओळखायला सोपी, कारण नावातच वर्ष असते. फक्त गणना बदलते: प्रकार ३८ म्हणजे मेइजी ३८, १९०५, प्रकार १४ म्हणजे ताइशो १४, १९२५, प्रकार ९९ म्हणजे जपानी साम्राज्याच्या गणनेतले २५९९, १९३९. अरिसाका रायफलीवर सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे फूल असते. शरणागतीच्या वेळी ते पुष्कळ रायफलींवरून घासून टाकले गेले. शाबूत फुलाला संग्राहक जास्त मोजतात. बोल्टवरचा क्रमांक रायफलीशी जुळतो का, धूळझाकण शिल्लक आहे का, प्रकार ९९ ची तारेची टेकणी आहे का, एवढे लिहा. नांबू पिस्तुलावर '१५.४' असे आकडे दिसले तर ते शोवा १५ चा एप्रिल, म्हणजे १९४०.

कायदा, देशानुसार

अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक केंद्रीय कायद्याने 'अँटिक' ठरते. बघायचे ते त्या नगाच्या निर्मितीचे वर्ष, नमुन्याचे वर्ष नाही. प्रकार २६ चे रिव्हॉल्व्हर १८९३ चे असले तरी पुढे कितीतरी वर्षे बनत होते. तोड्याच्या बंदुका आणि बहुतेक मुराता रायफली (अरिसाकाच्या आधीच्या जपानी सैनिकी रायफली) या मर्यादेत बसतात. अरिसाका प्रकार ३८, ९९ आणि नांबू बसत नाहीत. दुसऱ्या राज्यातल्या खरेदीदाराला त्या परवानाधारक दुकानदारामार्फतच द्याव्या लागतात. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून आपल्या राज्याचे बघून घ्या. तलवारीच्या मालकीवर अमेरिकेत केंद्रीय बंदी नाही.

इंग्लंडमध्ये ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर २००८ पासून बंदी आहे, पण १९५४ पूर्वीच्या किंवा पारंपरिक हातघडाईच्या तलवारींना सूट आहे. म्हणून तिथे जाहिरातीत काळ आणि घडाई लिहिणे ही कायद्याचीच गरज ठरते.

जपानमध्ये प्रत्येक तलवारीची आणि तोड्याच्या बंदुकीची प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे नोंदणी असते. मालक बदलला की २० दिवसांत कळवावे लागते. देशाबाहेर न्यायची तर सांस्कृतिक विभागाचा परवाना लागतो, आणि राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेली पाती बाहेर जातच नाहीत. यंत्रावर बनलेल्या प्रकार ९५ सारख्या तलवारींना तिथे नोंदणी मिळत नाही, त्यामुळे त्या जपानी खरेदीदाराला पाठवू नका, जप्त होतील.

भारतात वस्तू असेल तर घाई अजिबात नको. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खाजगी व्यक्तीने परदेशी पाठवायला बंदी आहे आणि तिच्या व्यापाराला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. वस्तू त्याहून नवी असेल तर खात्याकडून तसा दाखला घेता येतो. बंदुकीला १९५९ चा शस्त्र कायदा लागू. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या शस्त्राला त्यात सूट आहे, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. स्वतःच्या अंदाजावर जाऊ नका.

जाहिरात

फोटोंवरच अर्धी विक्री होते. गडद कापड, एक तिरपा दिवा, फ्लॅश बंद. पूर्ण पाते दोन्ही बाजूंनी, नाकागो दोन्ही बाजूंनी अगदी समोरून, टोक जवळून, हामोनचे दोन-तीन तुकडे, साजाचा प्रत्येक भाग, आणि प्रत्येक दोष वेगळ्या फोटोत. नाकागोचा फोटो सही सरळ वाचता येईल असा उभा लावा. आडव्या फोटोकडे अर्धे संग्राहक दुर्लक्ष करतात.

मजकुरात डोळ्यांना दिसते तेवढेच लिहा. "सामुराईची अस्सल प्राचीन तलवार, मासामुने" याऐवजी असे: "पात्याची लांबी ६४.२ सेंटिमीटर, दोन भोके, दोन अक्षरी सही, सही तपासलेली नाही. टोकापासून १० सेंटिमीटरवर धारेला लहान टवका. मूठ सैनिकी, गुंडाळी एका ठिकाणी तुटलेली. म्यानाला चीर." जाणकार खरेदीदार याच भाषेवर विश्वास ठेवतो.

कागद असतील तर त्यांचा फोटो द्या. जपानी कला-तलवार जतन संस्था, जिला सगळे एनबीटीएचके म्हणतात, ती १९४८ पासून आहे. तिचे होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि तोकुबेत्सु जुयो असे चढते दाखले आहेत. १९८२ पूर्वीचे 'किचो' दाखले आज तितके ग्राह्य धरत नाहीत, हे ठाऊक असू द्या. तलवार चांगली वाटत असेल तर सॅन फ्रान्सिस्को, शिकागो इथे भरणाऱ्या जपानी तलवारींच्या प्रदर्शनात दोन-तीन जाणकारांना दाखवून मग भाव ठरवा. त्यांतलाच एखादा लगेच विकत घेऊ पाहील. पहिल्या बोलीला हो म्हणू नका.

कुठे आणि किती

तलवारी ईबेवर चालतात, बंदुका चालत नाहीत. फेसबुकच्या बाजारात दोन्ही टाकू नका. बंदुकांसाठी अमेरिकेत गनब्रोकर हे संकेतस्थळ आहे. फार चांगली वस्तू असेल तर बोनहॅम्ससारख्या लिलावघराकडे फोटो पाठवा. ते दलाली घेतात, पण खरे खरेदीदार तिथेच येतात. भाव ठरवताना मागितलेल्या किमती बघू नका. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे गाळणी लावून शोधा. जादा रकमेचा चेक पाठवून फरक परत मागणारा, किंवा संकेतस्थळाबाहेर व्यवहार करू या म्हणणारा गिऱ्हाईक भेटला तर तिथेच संभाषण संपवा.

पाठवणी

पात्याला तेलाचा पातळ हात, मग म्यान. म्यान सुटू नये म्हणून मूठ आणि म्यान सुती पट्टीने बांधा. चिकटपट्टी लाखेवर कधीही लावू नका, निघताना लाख सोबत निघते. सगळे बुडबुड्यांच्या कागदात गुंडाळून जाड प्लॅस्टिकच्या पाइपात, आणि पाइप खोक्यात. सुटे भाग वेगळ्या पुडीत. साजात हस्तिदंत असेल तर देशाबाहेर पाठवायच्या आधी त्याचे नियम बघा, नाहीतर सीमाशुल्कात अडकेल. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूचा सीमाशुल्क क्रमांक ९७०६, त्याहून नव्या तलवारीचा ९३०७. अर्जावर वय सिद्ध करणारा कागद जोडा. विमा पूर्ण रकमेचा घ्या, आणि पावतीसोबत तुम्हाला माहीत असलेला तलवारीचा इतिहास, कुणाकडून कधी आली, कुठे होती, एका कागदावर लिहून सही करून पेटीत ठेवा.